पाटस्थळाच्या पाऊलखुणा

पुणे-बंगळूर महामार्गाने कागल मागे टाकून दक्षिणेकडे निघाले म्हणजे दूधगंगा ओलांडावी लागते, आणि थोड्याच अवकाशात कोगनोळी हे गाव येते. महाराष्ट्राची हद्द येथे संपते व कर्नाटकाची सुरू होते. टोलनाका आणि पाट्यांवरील बदललेली लिपी यांवरून प्रवाशास ते कळते. शिवाराकडे पाहून मात्र कळावयाचे नाही. नदीच्या अलीकडे जो ऊस तोच पलीकडे. जमीन तीच, बोली तीच, आणि काठावरील विजेच्या पंपाचा आवाजही तोच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. ओढ्यांनी मात्र आपली वाट बदलली नाही.

या भागातील शेतकऱ्यास पिकाला पाणी द्यावयाचे असले म्हणजे आज तो कळ दाबतो. नदीचे अथवा विहिरीचे पाणी नळातून माळावर चढते. पाणी चढावर नेता येते ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, एके काळी पाणी केवळ उतरतच असे आणि पाटाखालची सारी बागायत त्याच्या त्या उतरण्यावर बेतलेली असे, याचा विसर पडावा यात नवल नाही. त्या काळाच्या खुणा डोंगरउतारांवर, शेतांच्या नावांत आणि सरकारी दप्तरांतील शब्दांत अद्याप शिल्लक आहेत. परंतु त्या वाचता येणारी माणसे कमी होत चालली आहेत, आणि खुणाही दरसाल नांगराखाली जात आहेत. म्हणून त्यांच्याकडे एकवार लक्ष देणे अगत्याचे आहे.

दोन शब्दांचा इतिहास

मराठी अमदानीतील महसुलाच्या कागदांत बागायत जमिनीचे दोन भेद केलेले आढळतात. विहिरीतून मोटेने काढलेल्या पाण्यावर जी जमीन भिजे ती मोटस्थळ. ओढ्याला किंवा नदीला बांध घालून, तेथून काढलेल्या पाटाच्या पाण्यावर जी भिजे ती पाटस्थळ. हा भेद केवळ कारकुनाच्या सोयीचा नव्हता. मोटेला बैल लागत, चामड्याची मोट आणि नाडा लागे, धावेवरून दिवसभर बैल मागेपुढे करणारा माणूस लागे. बैल थकले की पाणी थांबले. पाटाचे पाणी रात्रंदिवस आपल्या पायांनी चालत येई. परंतु मोट एका घराची असू शकत असे, किंवा फार तर चारपाच भाऊबंदांची. पाट सहसा एका घराच्या आवाक्यातला नसे. तो अनेकांच्या जमिनीतून जाई, अनेकांच्या श्रमाने दुरुस्त राही आणि एकाच्या हट्टाने बंद पडू शके.

इंग्रजी अंमल बसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी व आकारणी यांची नवी पद्धत घालून दिली. तिचा आरंभ १८३५-३६ च्या सुमारास इंदापुराकडे झाला आणि १८४७ सालच्या संयुक्त अहवालाने तिचे नियम कायम झाले. बेळगाव जिल्हा याच इलाख्यात असल्यामुळे जुन्या चिकोडी तालुक्यातील गावांनाही तीच मोजणी आणि तीच परिभाषा लागू झाली. जिरायत, बागायत, पोटखराबा हे शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंना ओळखीचे आहेत, याचे कारण हेच.

पाटाची आठवण सरकारी भाषेतही रुतून बसली आहे. पाट आणि बंधारा हे शब्द जोडूनच 'पाटबंधारे' हे खात्याचे नाव तयार झाले. महाराष्ट्रात त्या खात्यास आज जलसंपदा विभाग म्हणतात, कर्नाटकात 'नीरावरी' हा शब्द चालतो. आणि कोगनोळीच्या शेतकऱ्यास दोन्ही शब्द कानावरून गेलेले असतात. परंतु मराठी माणसाच्या तोंडी अजूनही 'पाटाचे पाणी' हाच शब्द येतो, मग ते पाणी सिमेंटच्या कालव्यातून आलेले असो वा लोखंडी नळातून.

येथे भूमीची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. दूधगंगा राधानगरी तालुक्यात सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेस वाहत येते आणि वेदगंगेला बरोबर घेऊन पुढे कृष्णेस मिळते. कोगनोळीच्या आसपास ती सपाटीवर आलेली असते. काळ्या मातीत तिचे पात्र खोल गेलेले आहे. पाणी खाली आणि शेत वर. अशा ठिकाणी उताराने पाणी आणणे कठीण असल्यामुळे सपाटीवर मोटस्थळाचा जोर अधिक असावयाचा. जसजसे पश्चिमेस सह्याद्रीकडे जावे तसतसा ओढ्यांचा उतार वाढतो, खडक वर येतो, आणि पाटस्थळाला अनुकूल अशी भूमी लागते. एकाच नदीच्या खोऱ्यात हे दोन्ही शब्द आपापली जागा धरून असतात. त्यांतला मोटस्थळ हा शब्द विहिरीच्या काठावर वाचता येतो. पाटस्थळ वाचावयाचे तर डोंगराच्या अंगावर जावे लागते.

उतार वाचण्याची विद्या

पाट काढणे ही वरवर सोपी वाटणारी, परंतु मोठ्या निरीक्षणाची विद्या होती. ओढ्याच्या पात्रात आडवा खडक जेथे उघडा पडला असेल तेथे बांध घालावयाचा. कारण मातीवर बसविलेला बांध पहिल्याच पुरात पायापासून उखडतो. बांधाच्या एका टोकाला तोंड ठेवून तेथून पाट काढावयाचा. येथपासून खरे कसब सुरू होते. ओढा आपल्या उताराने झपाट्याने खाली जातो. पाटाला त्याहून पुष्कळ कमी उतार द्यावयाचा. समजा, हजार हातांच्या अंतरात ओढा दहा हात उतरला आणि पाट एकच हात उतरला, तर त्या ठिकाणी पाट ओढ्याच्या नऊ हात वर राहील. ओढा आणि पाट यांच्यामध्ये जो पट्टा सापडला, तो सारा भिजवता येतो. पाटाच्या वरची जमीन जिरायत, पाटाखालची बागायत. एका रेषेने दैव बदलावयाचे.

उतार कमी झाला तर पाणी तुंबते आणि गाळ बसतो. जास्त झाला तर पाटच वाहून जातो. आजच्या दुर्बिणीची साधने हाती नसताना ही सीमा पाळली जाई ती पाण्याच्याच मदतीने. थोडे खणावे, पाणी सोडावे, ते कसे चालते ते पाहावे आणि मग पुढे खणावे. मुख्य पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून दंड, दंडातून सारे आणि वाफे अशी उतरंड असे. वाफ्याचे तोंड उघडून एकाचे पाणी दुसऱ्याकडे वळविणे, म्हणजे 'दारे धरणे', हे काम कोल्हापूर-बेळगावकडील ज्या श्रोत्यांचे बालपण खेड्यात गेले असेल, त्यांना सांगावयास नको.

असा पाट वापरातून गेला तरी तो लगेच नाहीसा होत नाही. डोंगराच्या अंगावर एक पट्टी जवळजवळ सपाट जात राहते. गाडीवाट आणि पाट यांत घोटाळा होण्याचा संभव असतो. परंतु गाडीवाट चढते-उतरते, पाट चढत कधीच नाही. वाटेत घळ आली म्हणजे तो घळीच्या माथ्याकडे आत वळतो आणि वळसा घेऊन पलीकडच्या बाजूने परत बाहेर येतो. खणलेली माती खालच्या अंगाला टाकलेली असल्यामुळे त्या बाजूस एक बुटका वरंबा राहतो. सकाळी किंवा तिन्हीसांजेला ऊन तिरपे पडले म्हणजे त्या वरंब्याची सावली पडून सारी रेषा उमटून दिसते. भर दुपारी त्याच ठिकाणी काही दिसणार नाही. माघ-फाल्गुनात भोवतालचे गवत वाळून गेल्यावर जुन्या पाटाच्या खोलगट मातीत ओल टिकून राहते, आणि पिवळ्या उतारावर एक हिरवी ओळ उरते. कोठे ओढ्याच्या खडकात बांधाचा पाया बसविण्याकरिता कोरलेले खाचे सापडतात, कोठे घडीव दगडांचे चार थर. शेताचा बांध विनाकारण वाकलेला दिसला, तर ते वळण पुष्कळदा पाटाने दिलेले असते. पाट गेला तरी मालकीची रेघ वाकडीच राहिली.

फडाचा करार

कोल्हापूर-निपाणी भागात 'फड' म्हटले की उसाचा फड डोळ्यांसमोर येतो. हाच शब्द खानदेशात व बागलाणात एका संपूर्ण पाणीव्यवस्थेचे नाव होऊन बसला आहे, आणि पाटस्थळाचा आत्मा समजून घ्यावयाचा तर तिकडेच जावे लागते. धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर एकामागून एक असे बंधारे बांधलेले आहेत. वरच्या बंधाऱ्यावरून ओसंडलेले व पाझरलेले पाणी खालचा बंधारा धरतो. ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांची मानली जाते.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्रास थळ म्हणतात आणि थळाचे जे मोठे भाग पाडलेले असतात ते फड. सामान्यतः असे चार फड असत. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसून बहुधा प्रत्येक फडात तिचा एकेक तुकडा असे. एका फडात एका हंगामाला एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस, दुसऱ्यात हंगामी धान्य, आणि पुढील वर्षी पालट. कोणत्या फडाला पाणी द्यावयाचे हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे.

या रचनेतील शहाणपण दुष्काळात दिसून येते. नदीला पाणी कमी असले म्हणजे एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवावयाचा. प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तोटा सर्वांच्या वाट्याला सारखा येई. पाटाच्या तोंडाशी असलेला भिजला आणि शेपटाशी असलेला वाळला, हा पाण्याच्या वाटणीतील सनातन तंटा. त्याची धार फडाने बोथट केली. शिवाय साऱ्या फडात एकच पीक असल्यामुळे पाण्याची पाळी एकाच वेळी येई आणि पाणी वाटेत मुरून वाया जाण्याचे प्रमाण घटे.

हे सारे केवळ चांगुलपणावर सोडलेले नव्हते. पाणी फिरविण्याकरिता पाटकरी, पिकाच्या राखणीकरिता जागल्या आणि देखरेखीस हवालदार असे माणसे नेमण्याची वहिवाट होती. बंधाऱ्याची डागडुजी आणि पाटातील गाळ काढणे हे लाभधारकांचे कर्तव्य असे. १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधारे कायदा झाला. पुढे त्याच कायद्याच्या चौकटीत अशा जुन्या बंधाऱ्यांना 'दुय्यम वर्गाची कामे' म्हणून स्थान मिळाले, आणि महाराष्ट्राच्या १९७६ च्या पाटबंधारे कायद्यातही तो वर्ग राहिला. इंजिनियरांनी बांधलेल्या कालव्यांच्या युगातही जुन्या वहिवाटीची दखल सरकारास घ्यावी लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

घाटाखाली आणि सातासमुद्रापलीकडे

दूधगंगेच्या उगमाकडील डोंगर ओलांडून खाली उतरले की कोकण आणि गोवे लागते. तेथे पाट हा इतिहास झालेला नाही. गोव्यातील डोंगरपायथ्याच्या कुळागरांत झऱ्याचे पाणी पाटाने आणून सुपारी, नारळ, केळी यांच्या मुळांशी सोडतात. एका पायरीचे पाणी खालच्या पायरीला, तिचे तिच्या खालच्या पायरीला. पावसाळा सरल्यावर ओढ्यांना मातीचे व दगडांचे कच्चे बांध घालून त्या पाण्यावर भाताचे दुसरे पीक काढतात, त्यास वायंगण म्हणतात. हे बांध पहिल्या पुराबरोबर जातात, आणि पुढील वर्षी लोक ते पुन्हा घालतात. दगडी बंधारा शेकडो वर्षे टिकतो ती त्याच्या चुन्याची करामत. मातीचा बांध तितकाच काळ टिकतो तो गावाच्या सवयीने.

इंग्लंडसारख्या पावसाळी देशातही उतारावर पाट काढीत, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. तेथे पाणी धान्याकरिता नसे, गवताकरिता असे. हिवाळ्यात गारठलेल्या कुरणावर झऱ्याच्या पाण्याचा पातळ थर सतत खेळता ठेवला म्हणजे जमीन गोठत नाही, आणि मेंढ्यांना व कोकरांना वसंताच्या आरंभीच हिरवा चारा मिळतो. हियरफर्डशर परगण्यातील रोलंड व्हॉन या जमीनदाराने आपल्या खोऱ्यात असे पाट काढून १६१० साली त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. नैर्ऋत्य इंग्लंडातील एक्समूरच्या टेकड्यांवर उताराला आडवे खणलेले पाट होते. पाटाच्या काठावरून पाणी सांडून खालच्या गवतावर पसरे, आणि काही ठिकाणी गोठ्यातील शेणाचे पाणीही त्यातच सोडीत. मजुरी महागली, रासायनिक खते आली, आणि ही कुरणे मोडली. आता तेथील संशोधक विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि जमिनीची उंचसखलता मोजणारे लेसरकिरण यांच्या साहाय्याने त्या पाटांचे नकाशे तयार करतात. २०२३ साली युनेस्कोने ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड आदी सात युरोपीय देशांतील पारंपरिक सिंचनाचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. मान मिळाला तो त्यामागील ज्ञानास, कौशल्यास आणि लोकांच्या संघटनेस. खणलेल्या चरांपुरता तो नव्हता.

पाट का मोडले

आपल्याकडील पाट मोडले ते निष्काळजीपणाने असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. त्या धरणाचे पाणी लांबलचक कालव्यांनी न नेता नदीतच सोडावयाचे, नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून ते अडवावयाचे आणि काठावरून उपसून शेतास द्यावयाचे, अशी रीत या भागात रूढ झाली. या बंधाऱ्यांस 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' असेच नाव पडले. पावसाळा संपला की दगडी खांबांच्या खाचांत बरगे बसवून पाणी अडवितात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात, म्हणजे पुराबरोबर गाळही निघून जातो. नदी हाच कालवा झाला. पुढे दूधगंगेवर काळम्मावाडीचे धरण उभय राज्यांच्या सहकार्याने झाले. सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, वीज आली, आणि जेथे शेकडो वर्षांत पाणी पोहोचले नव्हते अशा माळावर ऊस उभा राहिला. पाटाच्या वरची म्हणून जी जमीन जन्मभर कोरडी होती, तिच्या मालकाला हा बदल अन्यायाचा नव्हे, न्यायाचाच वाटला असला पाहिजे.

निपाणीकडे दुसरेही एक कारण झाले. त्या बाजूची नगदी तंबाखू पावसाच्या ओलीवर येणारी. पाटाची निगा राखण्याइतके त्या पिकाचे पाण्याशी नाते नव्हते. खानदेशात वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरी वाढल्या, आणि फडातल्या एका शेतकऱ्याने आपल्या तुकड्यात आपल्या मर्जीचे पीक घेतले की फडाचा नियम ढिला होऊ लागला. काही बंधारे आजही पाणी देतात. परंतु जुना रिवाज पूर्वीच्या कसाने पाळला जात नाही.

तथापि लाभाच्या हिशेबात एक रक्कम मांडावयाची राहून गेली. पाटावर पाणी घेणाऱ्यास आपल्या वरच्याचे आणि खालच्याचे तोंड रोज पाहावे लागे. वरच्याने पाट फोडला तर खालचा ओरडे. खालच्याने गाळ काढण्यास माणूस दिला नाही तर वरचा त्याची पाळी अडवी. भांडणे होत, कधी डोकीही फुटत, परंतु भांडणाला एक जागा होती आणि तोडग्याची एक रीत होती. पंपाची कळ दाबणाऱ्यास शेजाऱ्याचे तोंड पाहण्याचे कारण उरले नाही. विहीर आटली तर ती कोणी आटविली हे जमिनीखाली दिसत नाही. मग अधिक खोल जाणे एवढाच उपाय सुचतो, आणि शेजारीही तोच उपाय करतो. पाणी उघड्यावर वाहत होते तेव्हा त्याचा हिशेबही उघड्यावर होता.

खुणांची नोंद

म्हणून पाटांच्या या खुणा केवळ हौशी संशोधकांच्या कुतूहलाचा विषय नाहीत. या प्रदेशात तंट्यांवाचून पाणी कधीच नव्हते; परंतु ते वाटून घेण्याची घडी एके काळी गावांनी स्वतः बसविली होती, याचा तो पुरावा आहे. हा पुरावा आता वेगाने नाहीसा होत आहे. बैलांच्या नांगराने वरंबा झिजावयास पिढ्या लागत. जमीन सपाट करणाऱ्या यंत्रास एक दुपार पुरते. खडकातील बांधाचे खाचे रस्त्याच्या खडीत जातात. शेतांची जुनी नावे गटक्रमांकांच्या मागे लपतात, आणि ज्या वृद्धाला ती नावे ठाऊक, त्याच्या नातवाला ती विचारावी असे वाटत नाही.

हे काम मोठ्या खर्चाचे नाही. गावोगावच्या शाळांनी उन्हाळ्याच्या आरंभी, सकाळच्या तिरप्या उन्हात मुलांना ओढ्याच्या काठाने वर न्यावे. बांधाची जागा, पाटाची रेषा, पन्हळ, मोरी, जे दिसेल त्याची जागा गावनकाशावर मांडावी. शेतांची नावे वडीलधाऱ्यांकडून उतरून घ्यावी. पाण्याच्या पाळ्या कोणाच्या कशा होत्या तेही विचारावे. जुनी मोजणीची कागदपत्रे सरकारी दप्तरांत आहेत. एका डोंगराचे पाणी दोन राज्यांत उतरते; तेव्हा ही नोंद हद्दीच्या दोन्ही बाजूंनी व्हावयास हवी, आणि ती झाली तर दोन्ही बाजूंची पाने एकमेकांस जुळतील याविषयी शंका नको.

जुने पाट पुन्हा खणावे असे कोणी म्हणणार नाही. विजेच्या पंपाने दिलेले पाणी मोटेच्या बैलांना परत करता येत नाही, आणि करण्याचे कारणही नाही. परंतु दूधगंगेचे पाणी यापुढेही वाटूनच घ्यावे लागणार आहे; गावाला शहराशी, वरच्या गावाला खालच्या गावाशी आणि एका राज्याला दुसऱ्याशी. त्या वेळी, तोटा सर्वांनी सारखा सोसावयाचा असतो, ही गोष्ट आपल्याच पूर्वजांनी शेतीचा नित्यनियम म्हणून पाळली होती, एवढे ठाऊक असले तरी बोलणे निराळ्या सुरात सुरू होईल. फाल्गुनातल्या पिवळ्या उतारावर उरलेली हिरवी ओळ तेवढे सांगते. ती नांगराखाली जाण्यापूर्वी कोणी तरी वाचून ठेवली पाहिजे.